गावाची बेरीज

ज्योत्स्ना नाकाडेच्या डोक्यात अख्ख्या पळसटोल्याचं रक्त होतं. म्हणजे कुणाच्या रक्तात काय दडलंय, हे तिला तोंडपाठ होतं. पंचवीस वर्षांपूर्वी नवीनच आशाताई म्हणून लागल्यावर तिनं घरोघर फिरून बोटं टोचली होती, आणि निकाल आले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून कार्डंही तिनंच वाटली होती. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे सिकलसेलचा आजार. आणि निम्मं पांढरं, निम्मं पिवळं म्हणजे वाहक, स्वतः ठणठणीत पण पुढच्या पिढीला द्यायची खोट रक्तात घेऊन फिरणारा माणूस.

कार्डं रंगीत का, तर दुरूनही ओळखू यावीत म्हणून. तशी ती ओळखू आलीच. सरिता नावाच्या मुलीच्या हातातला निम्मा पिवळा रंग रांगेतल्या एका बाईनं पाहिला आणि आठ दिवसांत सरिताचं ठरलेलं लग्न मोडलं. सरकारनं नेमून दिलेलं काम सरकारनं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं, म्हणून ज्योत्स्नाला कुणी दोष दिला नाही. पण ती त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावून बसली. पुढची सगळी कार्डं तिनं दार लावून, पदराखालून दिली. गावातल्या बायका एकमेकींच्या सुना-लेकींबद्दल तिच्याकडून काही काढायला यायच्या, चहा पिऊन तशाच परत जायच्या.

मग काही वर्षांनी ती मोठी गळती झाली. देशभरातल्या लोकांच्या आजारांच्या नोंदी एका कोठारात भरून ठेवल्या होत्या, ते कोठारच कुणीतरी फोडलं. कुणाला मिरगी, कुणाचं गर्भपाताचं ऑपरेशन, कुणाला कसल्या गोळ्या चालू, सगळं बाजारात आलं. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे कायदा झाला की ज्याची नोंद त्याच्याच हाती. कार्यालयात काही ठेवायचं नाही. ज्योत्स्नाचं जुनं रजिस्टर तहसीलच्या आवारात इतर रजिस्टरांबरोबर जाळलं गेलं, आणि प्रत्येकाच्या हातात आली डबी.

डबी खरोखरच कुंकवाच्या करंड्याएवढी होती. तिला मोठं इंग्रजी नाव होतं, ते पळसटोल्यात कुणी एकदाही उच्चारलं नाही. माणसाची सगळी प्रमाणपत्रं तिच्यात असत, ज्यानं दिली त्याच्या गणिती सहीनिशी, त्यामुळे खाडाखोड करायची सोय नव्हती. मालकाचा अंगठा लागल्याशिवाय ती उघडत नसे. पण तिची खरी करामत उघडण्यात नव्हती, न उघडता उत्तर देण्यात होती. एसटीत सवलत हवी तर डबी एवढंच सांगे की हा माणूस साठीच्या वरचा आहे. जन्मतारीख नाही, नाव नाही, गाव नाही.

लग्न जुळवताना तर कमालच. सिकलसेलचा धोका कधी? नवराबायको दोघंही वाहक असले तर. मग प्रत्येक बाळंतपणात चारातला एक हिस्सा भीती की मूल आजारी निघेल, त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतील, नसांमध्ये अडकतील, आणि ते मूल रात्रंदिवस हाडांच्या ठणक्यानं तळमळेल. दोघांपैकी एकच वाहक असेल तर तो आजार होण्याचं काही कारण नाही. म्हणजे विचारायचा प्रश्न एकच, दोघंही आहेत का? मुलानं नि मुलीनं डब्या एकमेकींना टेकवायच्या. दोघंही वाहक असतील तर केशरी दिवा, नाहीतर हिरवा. दोन्ही डब्या आपापली गोष्ट आधी गणितात अशी दळून घेत की पीठ पाहून धान्य ओळखता येऊ नये, आणि त्या पिठातूनच उत्तर निघे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ज्योत्स्ना आरोग्य उपकेंद्राच्या खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडून राहिली होती. समोर एक जोडपं उभं होतं. मुलगा वाहक होता, हे तिला पाठ होतं. दिवा हिरवा लागला. मुलगी हसली, मुलगा हसला, आणि त्या मुलीला आयुष्यभर कळण्याचं कारण उरलं नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही आणि हवं ते दोघांना कळलं. माणसाला जे वर्षानुवर्षं ओठ घट्ट मिटून सांभाळावं लागतं, ते या इवल्याशा डबीला कसं जमतं, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

तिची स्वतःची मुलगी ईश्वरी वाहक होती. ते आईकडूनच आलं होतं. ईश्वरी अठराची झाल्यावर ज्योत्स्नानं तिची नोंद रीतसर तिच्या डबीत दिली आणि मायलेकींनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता ईश्वरी तेवीसची होती, मामा तलावावर, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावावर, मत्स्यबीज केंद्रात काम करत होती, आणि आरमोरीकडच्या ओजस दोनाडकर नावाच्या गुरांच्या डॉक्टरवर तिचा जीव जडला होता. एका दुपारी ती चिखलानं भरलेल्या पायांनीच स्वयंपाकघरात आली.

"आई, आमी डब्या लावल्या."

ज्योत्स्नाच्या हातातला झारा थांबला.

"हिरवा," ईश्वरी म्हणाली आणि खाली बसून लहान मुलीसारखी रडायला लागली. दिवा हिरवा, म्हणजे ओजस वाहक नाही. कुठलीच भीती नाही. तिनं ओजसला आपलं काही सांगितलं नव्हतं, सांगण्याची गरजही नव्हती. सांगायचं तर लग्नानंतर कधीतरी सांगीन, माझ्या मनानं, असं ती म्हणाली. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि भजी जळू दिली.

अडचण होती ती ओजसच्या आईची.

ममता दोनाडकर पळसटोल्याचीच लेक. लहानपणापासून हट्टी, एक गोष्ट मनात घेतली की तिची पाठ सोडत नसे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ, रात्री नाटक, घरोघर पाहुण्यांची दाटी, आणि त्या दाटीत लग्नं जुळतात. यंदा मंडईच्या आदल्या दिवसापासूनच ममता माहेरी येऊन बसली होती आणि सोबत दिराचा मुलगा हर्षल याला घेऊन गावातल्या घराघरात मुली पाहत फिरत होती.

हल्ली रीतच पडली होती, आधी डबी, मग पोहे. हर्षल तीन घरी गेला. एका घरी हिरवा लागला, दोन घरी केशरी. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर त्या दोन मुलींची नावं चघळली जात होती. त्यातली एक घराबाहेर पडेना.

ज्योत्स्नाला ते कळलं आणि ती मटकन ओट्यावर बसली. हर्षल वाहक आहे, हे त्याच्या मोडलेल्या सोयरिकीपासून दोनाडकरांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ज्योत्स्नाच्याही कानावर आलं होतं. आणि वाहक मुलगा हाताशी असला की दिवा थेट मुलीचंच सांगतो, केशरी म्हणजे आहे, हिरवा म्हणजे नाही. त्याला लग्न करायचंच नव्हतं. ममता त्याला बॅटरीसारखा धरून घरोघर उजेड पाडत होती. एवढे मोठे गणिती, एवढे कायदे, एवढे सही-शिक्के, आणि भोक पाडलं ते पोहे खायला आलेल्या एका बाईनं. ज्योत्स्नाला संतापाबरोबर थोडं कौतुकही वाटलं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

दुपारी तीन वाजता ममता तिच्या दारात उभी राहिली. मागे ओजस, मान खाली. त्याच्या मागे हर्षल.

"या जी, बसा जी," म्हणत ज्योत्स्नाचा नवरा देवानंद पाणी घेऊन पुढे आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं नवा शर्ट घातला होता आणि कॉलरची चिठ्ठी काढायला विसरला होता.

ईश्वरी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ममतानं तिला वर-खाली न्याहाळलं. मुलगी आवडली होती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"पोहे मंग," ममता म्हणाली. "आधी डबी."

"आमची लावून झाली आई," ओजस म्हणाला. "हिरवा आला. तुले सांगतलं ना मी."

"तुमचं झालं. आता हर्षलसोबत लावू दे."

"काऊन?"

"हिरव्यानं काय समजते रे?" ममताचा आवाज चढला. "तुह्यात काही नसन तं कोणतीबी पोरगी आण, हिरवाच येईन. पोरीत काय हाये ते कसं समजन? मले माह्या घरात स्वच्छ सून पाह्यजे. लपवासारखं काही नसन तं लावाले काय होते?"

देवानंद हातात तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. हर्षलनं खिशातून डबी काढली, पण ती पुढे न करता नुसती तळहातावर धरली. ईश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. लावली तर केशरी. नाही म्हटलं तरी केशरीच, कारण नाही म्हणणाऱ्या मुलीबद्दल संध्याकाळपर्यंत गाव काय ते बोलणारच.

आणि ज्योत्स्नाच्या जिभेवर एक वाक्य येऊन उभं राहिलं. ममता, तुझंही कार्ड निम्मं पिवळंच होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी ममता पहिल्यांदा गरोदर राहिल्यावर माहेरी आली होती. ओजसच पोटात होता. रक्त तपासलं, निकाल आला, ज्योत्स्नानं दार लावून तिच्या हातात कार्ड ठेवलं. ममता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, ताई, कोणाले सांगू नोको. नवऱ्यालाही नाही. ज्योत्स्नानं नाही सांगितलं. आता ते एक वाक्य सोडलं की ममताचं तोंड कायमचं बंद, तिचा मुलगा समोर, पुतण्या समोर, आणि लेकीचं लग्न उद्या ठरलेलं. कुठल्याही आईनं सोडलं असतं. सरिताच्या वेळी आपल्याला कळत नव्हतं, आज कळतंय, मग वापरायला काय हरकत आहे, असं तिचं मन तिला ढोसत होतं.

ममताही तिच्याचकडे बघत होती. आपण कुणासमोर काय बोलून बसलो, हे तिच्या आत्ता लक्षात आलेलं दिसत होतं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती ज्योत्स्नाला पंचवीस वर्षांपूर्वीइतकीच ओळखीची वाटली.

ज्योत्स्नानं ते वाक्य गिळलं.

"ममता," ती म्हणाली, "माह्या पोरीच्या डबीत काय हाये, ते माह्या पोरीनं सांगाचं. मी सांगणार नाई, अन् तूबी काढून घ्याचं नाई."

"म्हंजे हाये काहीतरी!"

"मी लावते ना," ईश्वरी अचानक म्हणाली. तिनं ट्रे नीट खाली ठेवला. "लावते. पण एकटी नाई. समोर दंडार सुरू हाये, तिथं अख्खं गाव हाये, पाहुणे हायेत. सगळ्यांनी लावाची. तुमीबी, काकू."

यावर हर्षलनं डबी परत खिशात टाकली. "चांगलं बोलली ही," तो म्हणाला. "काकू, मले वीट आला आता. दरवेळी केशरी लागला का त्या पोरीचं तं समजतेच, पण माहंबी समजते तिले. कोणी माहा विचार केला का?"

ईश्वरी दाराकडे वळली, आणि बाकीचे तिच्या मागोमाग निघाले.

दंडार रंगात आली होती. टिपऱ्या थांबवून ईश्वरीनं मंडई समितीच्या अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला तेव्हा मागच्या रांगांमधून शिट्ट्या पडल्या. ज्योत्स्ना मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. आपल्या मुलीला एवढं मोठ्यानं बोलता येतं, हे तिला माहीत नव्हतं.

बेरजेची सोय डबीत पहिल्यापासून होती. जिल्ह्याला औषधांचा अंदाज कळावा म्हणून ज्योत्स्ना दरवर्षी गावात ती करून आकडा न पाहताच वर पाठवायची. ती कशी होते, हे ईश्वरीनं माइकवर सांगितलं.

"समजा एक मडकं हाये. पहिली बाई त्यात आपल्या मनानं मोजून तांदळाचे दाणे टाकते, किती ते फक्त तिले माहीत. मंग मडकं फिरते. प्रत्येकानं आत हात घालाचा. रक्तात खोट असन त्यानं एक दाणा सोडाचा, नसन त्यानं रिकामा हात बाहेर काढाचा. मडकं फिरून आलं का पहिली बाई आपले दाणे काढून घेते. उरले तेवढे आपण. कोणी टाकला, कोणालेच समजणार नाई. डबी तं त्याच्याहून हुशार हाये, ती एकेक दाण्याचेबी तुकडे करून हजार जणांत वाटते. दोघा-चौघांनी मिळून चोरी कराची म्हटलं तरी हाती काही लागत नाई. अन् पन्नासच्या आत माणसं असली तं ती बेरीज करतच नाई."

"कायले कराची पण बेरीज?" एकजण ओरडला आणि हशा पिकला.

"सकाळपासून आपण दोघींचीच नावं घेऊन रायलो," ईश्वरी म्हणाली. "म्हणून."

हशा थांबला. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आपली डबी काढून अंगठा लावला. त्याचं पाहून शेजारच्यानं. दंडारीत बाईचा वेष घेतलेल्या नाच्यानं पोलक्यातून डबी काढली तेव्हा सगळे हसले, आणि मग हात भराभर वर येऊ लागले. चहावाला, फुगेवाली, पाहुणे, सासुरवाशिणी, माहेरवाशिणी. देवानंदनं लावली. ओजसनं लावली. ज्योत्स्नानं लावली. ममता पदर तोंडाशी धरून उभी होती. बराच वेळ उभी राहिली, आणि मग तिचाही अंगठा खाली गेला.

मंडपात लावलेल्या मोठ्या एलईडी पडद्यावर आकडे आले. एकूण बाराशे आठ. त्यात खोट असलेले तीनशे अकरा.

ज्योत्स्नाला क्षणभर वाटलं की पडदा चुकतोय. मग तिनं डोळे मिटले आणि डोक्यातली घरं एकेक करून चालत गेली. या घरात दोन, त्या घरात एक, पलीकडे तिघं. गावापुरतं तरी बरोबर होतं. सगळं तिला पाठ होतं, पंचवीस वर्षं पाठ होतं, पण प्रत्येक दाणा तिनं वेगळ्या पुडीत, वेगळी लाज म्हणून बांधून ठेवला होता. त्यांची बेरीज तिनं कधी केलीच नव्हती. चार माणसं उभी केली की त्यातलं एक. हे गुपित नव्हतंच. हे गाव होतं.

माणसं डावीकडे-उजवीकडे बघत होती. बोटांवर मोजत होती. चहावाल्यानं आपल्या बाकावरचे आठ जण मोजले आणि पुन्हा मोजले. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हंजे आपल्याबी घरी असनच ना वं कोणी?" शेजारीण म्हणाली, "हाव, असनच." ज्या मुलीनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ती मंडपासमोरच्या शाळेच्या पायऱ्यांवर येऊन उभी होती. कुणाच्याही नावावर बोट न ठेवता अख्ख्या मंडईला एक सत्य कळलं होतं, आणि एवढ्या माणसांना एकाच वेळी असं गप्प झालेलं ज्योत्स्नानं जन्मात पाहिलं नव्हतं.

मग ढोलकीवाल्याला राहवेना, त्यानं थाप मारली.

ज्योत्स्ना घरी परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोह्यांवर झाकण ठेवावं म्हणून ती आत वळली, तोच मागल्या दारातून ममता आली. एकटीच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती बसली, लग्नाआधी बसायची तशी.

"तुले आठवत होतं ना ताई?"

ज्योत्स्नानं पोह्यांवर झाकण ठेवलं.

"एक वाक्य बोलली असती तं मी मेली असती तिथंच. माह्या पोरासमोर." ममतानं नाक पुसलं. "मी वाईट नाई वं. ओजसच्या वेळी सहा महिने डोळ्याले डोळा लागला नाई माह्या. ह्यांचं काय हाये, हे विचाराची हिंमत नाई, अन् पोट तं वाढूनच रायलं. कोणाले सांगू? माह्या सुनेले असं जागाव लागू नये, एवढंच होतं मनात. दिव्यावर भरवसाच बसला नाई माहा."

"त्यांचा दिवा हिरवा हाये ममता. तुह्या सुनेले जागाव लागणार नाई."

"हाव. आज समजलं." तिनं पदर खोचला. "त्या दोघी पोरींच्या घरी जाऊन येतो मी. काय बोलू, ते माहीत नाई. पण जातो. हर्षललेबी बोलाचं हाये. अन् ईश्वरीच्या डबीत काय हाये, ते मले नाई पाह्यचं."

"बरं."

ममतानं कमरेची डबी काढली. तिच्यावर अंगठा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. झाकण उघडलं. डबीच्या छोट्या पडद्यावर कार्ड उमटलं, निम्मं पांढरं, निम्मं पिवळं, खाली तारीख आणि सही. तिनं ती डबी दोन्ही हातांनी ज्योत्स्नासमोर धरली.

"पाह्य," ती म्हणाली. "मी वाहक हाये ताई. रात्री घरी सांगीन. पण पहिले तुले."

ज्योत्स्ना तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं ते कार्ड अक्षर न् अक्षर वाचलं. पंचवीस वर्षं ते तिला माहीत होतं. आज ते तिला कुणीतरी सांगितलं होतं.